कुंडीतला वाटाणा आणि साडेनऊ लाख भोकं

आमच्या छापखान्यात महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी मशिनं थांबतात आणि चहा-भजी येतात. भजी संपेपर्यंत कुणीतरी एक प्रकरण मांडायचं, असा रिवाज आहे. त्याआधी कल्पकतेवर बोलायला बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, डोळे मिटायला लावले आणि स्वतःमधलं लहान मूल जागं करायला सांगितलं. कटिंगवाल्या मास्तरांना तेवढ्यात छान डुलकी लागली. तेव्हा ठरलं की यापुढे खऱ्या माणसाचं, खऱ्या अडचणीचं आणि खऱ्या पैशांचं बोलायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी दादासाहेब फाळके घेतले. नाव काढल्याबरोबर 'राजा हरिश्चंद्र' असा कोरस झाला. पण मला हरिश्चंद्र मांडायचा नव्हता. त्याच्या आधी एक महिनाभर मुंबईतल्या एका घरात कुंडीसमोर कॅमेरा लावून ठेवला होता, तेवढंच प्रकरण मला हवं होतं.

पेच

साल १९१२. धुंडिराज गोविंद फाळके १ फेब्रुवारीला बोटीनं लंडनला निघाले आणि १ एप्रिलला परत आले. वय बेचाळिशीला टेकलेलं, घरात बायको-मुलं. प्रवासासाठी त्यांनी बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार उभे केले होते. चित्रपट काढायची विद्या शिकायला निघालेले ते लंडनमध्ये 'बायोस्कोप' या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन धडकले. हे साप्ताहिक ते मुंबईत वर्गणी भरून वाचत असत. संपादकानं आधी या धंद्यात पडू नका असंच सुचवलं, पण गडी हटत नाही हे पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओची वाट दाखवली. हेपवर्थनी सगळे विभाग मोकळेपणानं पाहू दिले. फाळक्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं यंत्र मागवलं (या भोकांना धरूनच फिल्म कॅमेऱ्यातून पुढे सरकते), आणि घरी परतले.

म्हणजे यंत्र आलं, विद्या आली आणि पैसे संपले. पौराणिक कथेवर लांबलचक चित्रपट काढायचा तर नट, कपडेपट, पडदे, जेवणखाण, फिल्म, सगळंच हवं. पुढे 'राजा हरिश्चंद्र'ला पंधरा हजारांच्या आसपास खर्च आला. तेवढी रक्कम उसनी मागायची कुणाकडे, आणि काय दाखवून?

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी बोट वर करतंच. आपल्याकडे त्याआधी कुणी कॅमेरा हातात धरलाच नव्हता असं नाही. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं होतं. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागलासुद्धा. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, आणि फिल्म धुण्या-छापण्यासाठी लंडनला गेली होती. फाळक्यांचा हट्ट वेगळा होता. भोकं पाडण्यापासून ते पडद्यावर चित्र पडेपर्यंत सगळं इथे, घरच्या घरी करायचं. सावकाराला हे पटवणं अवघड होतं. दागिना पाहता येतो, शेत पाहता येतं, छापखान्याचं मशीनही पाहता येतं. डोक्यातला कृष्ण कसा पाहणार?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा समोर ठेवला. महिन्याभरानं त्यांच्याजवळ एक मिनिटाहून जरा मोठी फिल्म तयार होती. दाणा फुटतो, अंकुर वर येतो, वेल होऊन वर चढतो. नाव 'अंकुराची वाढ'. निवडक लोकांना घरी बोलावून ती दाखवली. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी ती पाहून कर्ज द्यायची तयारी दाखवली.

वाटाण्याआधीची पंचवीस वर्षं

हे प्रकरण सहसा असं सांगतात: फाळक्यांनी गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वीज चमकली. ते खोटं नाही. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच लिहिलंय की पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या दिसत होती. तो खेळ त्यांनी पुन्हा तिकीट काढून दुसऱ्यांदा पाहिला, हेही त्यांनीच सांगितलंय. मला यातलं दुसरं तिकीट जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिल्या तिकिटावर माणूस भारावतो. दुसऱ्यावर तो बघतो की हे केलंय कसं.

आणि कसं केलंय हे कळायला लागणारा डोळा त्यांनी त्याआधी पंचवीस वर्षं घडवला होता. त्र्यंबकेश्वरचा हा मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिरला. पुढे बडोद्याला कलाभवनात चित्रकला, फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं असं जे मिळेल ते शिकला. १८९२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून सुवर्णपदक मिळवलं. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगनं पहिली बायको आणि मूल गेलं. नाटकाचे पडदे रंगवले. 'प्रोफेसर केळफा' या नावानं जादूचे प्रयोग केले. (फाळके उलटं वाचा.) पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्याला एन्ग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना घातला, रविवर्मा प्रेससाठी कामं केली. १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं पाहायला जर्मनीला गेले. मग भागीदारांशी बिनसलं आणि भरभराटीच्या धंद्यातून बाहेर पडले.

ही यादी वाचून आमचे तरुण मित्र म्हणाले, 'काका, हा माणूस एका जागी टिकतच नव्हता की.' आजच्या मुलाखतीत एचआरवाल्या बाईंनीही हेच विचारलं असतं. पण छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या यादीत एक धागा दिसतो. तिरंगी ब्लॉकचं काम म्हणजे काय? एका चित्राचे तीन तुकडे करायचे, पिवळा, लाल, निळा. तीन वेगळ्या प्लेट, तीन वेगळे ठसे. ते एकावर एक केसभरही न हलता बसले तर चित्र. केसभर हलले तर देवीला दोन नाकं. रजिस्टर, म्हणजे ठशांचा हा तंतोतंत मेळ, हलला की काय होतं ते आमच्याकडे हेल्परच्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. फाळक्यांनी अनेक वर्षं हेच केलं होतं: अख्ख्या चित्राचे तुकडे पाडणं आणि तुकड्यांतून ते पुन्हा उभं करणं. चित्रपटात तेच तुकडे एकावर एक न बसता एकामागून एक येतात. त्यात जादूगाराचा हात मिळवा: प्रेक्षकाला कधी काय दाखवायचं आणि मधलं काय लपवायचं. पडदे रंगवणारा आणि नाट्यगृहाची प्रतिकृती करणाराही त्यातच. ख्रिस्ताचा चित्रपट त्या संध्याकाळी शेकडो लोकांनी पाहिला असेल. ठिणगी सगळ्यांवर पडली, पण कोठारात दारू एकाच्याच होती.

ती संध्याकाळ आणि लंडन यांच्यामध्ये काही महिने ते मिळेल तो चित्रपट पाहत होते, माहितीपत्रकं मागवत होते, घरी प्रयोग करत होते. झोप नाही, डोळ्यांना विश्रांती नाही. शेवटी काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली. वेडाचं कौतुक करताना हा भाग लोक घाईनं ओलांडतात. मी तरुण मुलांसमोर तो मुद्दाम हळू सांगतो.

एक चित्र रोज?

आता माझा खटाटोप. वाटाण्याची गोष्ट जिथे जिथे वाचली तिथे एक वाक्य ठरलेलं होतं: रोज एक चित्र, महिनाभर. ऐकायला छान. पण मला आकडे मांडायची खोड आहे. मूकपटाच्या काळात साधारण सेकंदाला सोळा चित्रं जायची. रोज एक, म्हणजे महिन्याची तीस-पस्तीस. म्हणजे फिल्म दोन सेकंदांची! सावकार चष्मा पुसेपर्यंत वेल उगवून संपला असता.

म्हटलं, करूनच पाहू. फाळके एप्रिलमध्ये परतले म्हणून मीही एप्रिलमध्ये वाटाणा लावला. गॅलरीत श्रीखंडाचा रिकामा डबा, खाली भोक, त्यात माती, समोर स्टुलावर मोबाईलचा स्टँड. आठ दाण्यांपैकी दोन उगवले आणि बाराव्या दिवशी माना टाकून मोकळे झाले. वाटाणा थंडीतलं पीक, तो पुण्याच्या एप्रिलात काय तग धरणार. फाळक्यांनी मुंबईच्या उन्हाळ्यात तो जगवला असेल तर त्यातच निम्मी कर्तबगारी आली.

डिसेंबरात पुन्हा लावला. या वेळी सहा उगवले. रोज सकाळी साडेआठला एक फोटो, असे तेहेतीस दिवस. मग सोळाच्या वेगानं लावून पाहिलं. हिशेबाप्रमाणे दोन सेकंद. त्यातही नवव्या दिवशी सगळं दृश्य एकदम डावीकडे उडी मारतं, कारण त्या दिवशी केर काढताना डबा बोटभर सरकला. चौदाव्या दिवशी मागे आमच्या चादरीची सावली. उजेड दिव्यासारखा लुकलुकतो. आणि मुख्य म्हणजे वेल वाढत नाही, ठेचकाळतो. आज इथे, उद्या तिथे. मधलं काही नाही.

म्हणून मी हिशेब उलटा केला. एक मिनिट म्हणजे ९६० चित्रं. तीस दिवसांत वाटली तर दिवसाला ३२. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं निघायची, म्हणजे दिवसाला चार फेरे. पण चारही फेरे एकदम फिरवले तर वेल दोन सेकंद पुतळ्यासारखा उभा राहणार आणि मग टुणकन उडी मारणार. ती वाढ नव्हे, तीस फोटोंचा अल्बम. वाढ दिसायला हवी तर ती बत्तीस चित्रं दिवसभराच्या उजेडात पसरायला हवीत. अकरा तासांचा उजेड धरला तर दर वीस मिनिटांना एक. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एका फेऱ्यात एकच चित्र घेणारी वेगळी खुंटी असायची, तिला हँडल लावून.

हा माझा अंदाज आहे, पण आकडे मला दुसरीकडे जाऊ देत नाहीत. आणि तो बरोबर असेल तर प्रसंगाचं चित्रच बदलतं. रोज सकाळी येऊन एकदा हँडल फिरवणारा छंदिष्ट गृहस्थ जातो. त्या जागी दर वीस मिनिटांनी कुणीतरी उठून कॅमेऱ्यापाशी जातंय, ढग आला तर थांबतंय, मुलांना कुंडीजवळून हाकलतंय, असं घर दिसू लागतं. पन्नास पौंडांचं यंत्र महिनाभर एका दाण्यासाठी अडवून ठेवलंय, तेही कर्जात असताना.

नंतर मी मोबाईलला वीस-वीस मिनिटांचा टायमर लावून उरलेल्या वेलीचं चित्रण केलं. मोबाईल दमत नाही म्हणून सोपं गेलं. ते पाहिलं तेव्हा मात्र भजी खाणारेही गप्प झाले होते. वाटाण्याचे ताणे हवेत हात फिरवतात. खरोखर आंधळ्यानं भिंत चाचपावी तसे गोल गोल फिरतात, काही सापडलं नाही की पुन्हा फिरतात. काडी लागली की दुपारपर्यंत तिला विळखा. रोज डोळ्यांसमोर असलेलं हे झाड असं वागतं हे आपल्याला ठाऊक नसतं. १९१२ मध्ये घरातल्या अंधारात हे पाहणाऱ्यांना काय वाटलं असेल?

माझ्या मते फाळक्यांची निवड इथेच अचूक होती. त्यांनी भावी हरिश्चंद्राची नमुन्यादाखल चार मिनिटं काढली असती तर लोकांनी मुकुट फिका आहे, नट जाड आहे म्हटलं असतं. अर्धवट मोठी गोष्ट दाखवली की बघणारा उणिवा मोजतो. वाटाणा पूर्ण होता. त्याला आरंभ होता, मध्य होता, शेवट होता. शिवाय हा नट पगार मागत नव्हता, मिशी काढायला तयार नाही म्हणत नव्हता, आणि चार लोक काय म्हणतील म्हणून पळूनही जात नव्हता. पुढे हे तिन्ही त्रास त्यांना हरिश्चंद्राच्या वेळी झालेच. आणि भोकं पाडणं, चित्रण, धुणं, छापणं, दाखवणं ही साखळी या घरात पूर्ण होते, हे कर्ज देणाऱ्याला तोंडानं सांगावं लागलं नाही.

घर

इथवर मी प्रकरण सांगितलं तेव्हा आमच्या बाइंडिंग खात्यातल्या ताईंनी विचारलं, 'मग तो दिवसभर कुंडीपाशी बसला, तर बाकीचं कोण करत होतं?'

सरस्वतीबाई. फाळक्यांच्या या दुसऱ्या पत्नी. १९०२ मध्ये लग्न झालं तेव्हा नाटकाशी नातं असलेल्या घरातून आल्या, पण स्वतः कधी रंगमंचावर गेल्या नाहीत. भोकं पाडायचं यंत्र हाताळायला त्या शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायला शिकल्या. 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं तेव्हा दादरच्या घरात साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करायच्या. दिवसा चित्रण चालू असताना ऊन नटांच्या तोंडावर वळवायला पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. रात्री, दिवसभराची आवराआवर झाल्यावर, अंधारात फिल्मला भोकं. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिनेही गेले.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार भोकं असतात. ती एकसारख्या अंतरावर नसली तर पडद्यावर चित्र थरथरतं. आमच्या भाषेत रजिस्टर हलतो. 'राजा हरिश्चंद्र' होता ३७०० फुटांचा. फुटाला सोळा चित्रं, म्हणजे ५९,२०० चित्रं. गुणिले आठ, ४,७३,६०० भोकं. ही झाली निगेटिव्ह. दाखवायची एक प्रत काढायची तर तेवढीच पुन्हा. मिळून साडेनऊ लाखांच्या घरात, वाया गेलेली फिल्म सोडून. यंत्र एका दाबात काही भोकं पाडत असेल, तरी ते हातानंच फिरवायचं आणि उजेडाशिवाय.

ताईंना हा आकडा लिहून हवा होता. त्यांनी तो कटिंग मशिनवर खडूनं लिहिलाय, अजून पुसलेला नाही.

तारामतीसाठी बाई मिळेना. घरंदाज बायकांचं सोडाच, नाचगाण्यातल्या बायकांनीही नकार दिला. फाळक्यांनी सरस्वतीबाईंनाही विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. एवढ्या कामात हे आणखी कधी करू, हा त्यांचा सरळ मुद्दा होता. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात फाळक्यांना एक आचारी दिसला, नाजूक हाताबोटांचा, अण्णा साळुंके. तिथे महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. भारताच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटाची नायिका हॉटेलच्या भटारखान्यातून आली. पुढे 'लंकादहन'मध्ये त्याच अण्णांनी राम आणि सीता दोन्ही केले. इथेही तीच नजर दिसते. चहा पिताना बाकीचे चहा पाहत होते.

जाहिरात आणि पुढचं

सहा महिने सत्तावीस दिवसांत काम पुरं झालं. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मेपासून कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी. सोबत नाच, विनोदी नकला आणि पायांनी कसरत करणारा एक गडी, असा भरगच्च कार्यक्रम. नुसता चित्रपट पाहायला लोक पैसे देतील यावर थिएटरवाल्याचा विश्वास नव्हता. मुदत वाढवावी लागली.

त्या चित्रपटाची एक जाहिरात मला फार आवडते. नाटक पाच-सहा तास चालायचं, आणि हा खेळ त्यामानानं तोकडा, म्हणून लोक कां-कू करत. तेव्हा जाहिरातीत आलं: ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत! किती वेळ ते सांगायचंच नाही, किती फोटो ते सांगायचं. पुन्हा तेच, चित्र तुकड्यांत मोजणं. माझा ५९,२०० चा हिशेब आणि त्यांचे ५७,००० जवळजवळ जुळतात. दोन मैलांचं मात्र काही खरं नाही. ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलालाही कमी. फोटो प्रामाणिक मोजले आणि मैल प्रोफेसर केळफांनी मोजले, असं धरून चालायचं.

१९१३ च्या अखेरीस फाळके नाशिकला गेले. पहिलं महायुद्ध पेटलं, भांडवल आटलं, मोठे चित्रपट अडले. तेव्हा त्यांनी काय केलं? 'आगकाड्यांची मौज'. आगकाड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचं, काड्या जरा सरकवायच्या, दुसरं चित्र. कुंडीतून शिकलेली युक्ती आता काडेपेटीवर. पैसा असताना लंका जाळली आणि नसताना काड्या नाचवल्या. १९१७ मध्ये आपण चित्रपट कसे करतो हे दाखवणाराही एक चित्रपट त्यांनी काढला. धंद्याचं गुपित लपवणाऱ्या जातीचे ते नव्हते.

इथून पुढचं लवकर आटोपतो, कारण ते वेगळं प्रकरण आहे. १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. खर्चावरून, पद्धतीवरून खटके उडाले. फाळके रागावून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, पुन्हा परतले. जुना छापखाना सुटला त्याच वळणावर ही कंपनीही ताणली गेली. ज्या माणसानं घरातला प्रत्येक हात कामाला लावला, त्याला हिशेब विचारणारा भागीदार कधी मानवला नाही. बोलपटाच्या जमान्यात ते मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले. आमच्या चर्चेत निम्मे लोक फाळक्यांच्या बाजूचे होते, निम्मे भागीदारांच्या. आमचे मालक कुठल्या बाजूचे हे सांगायला नको.

मला विचाराल तर चुकलं फाळक्यांचंच. कुंडीच्या वेळी लोकांना न बोलता पटवता येतं हे ज्याला कळलं, त्यानं पुढे भागीदारांना पटवायचा कंटाळा केला. दरवेळी नवा वाटाणा लावावा लागतो, हे बहुधा यशानंतर विसरायला होतं.

मूळ 'राजा हरिश्चंद्र'ची प्रत बैलगाडीतून गावोगाव नेताना उष्णतेनं जळाली असं सांगतात, म्हणून १९१७ मध्ये त्यांनी तो पुन्हा काढला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज त्या नावाची थोडीच फिल्म उरली आहे. वाटाण्याची फिल्म पाहायची तर स्वतःच कुंडी लावावी लागते.

माझ्या वेलीला आठ शेंगा आल्या, एकतीस दाणे. व्हिडिओला शेवटी नावं टाकावीत म्हणून मी बायकोला विचारलं, तुझं नाव कशात घालू, पाणी तूच घालत होतीस. ती म्हणाली, 'नाव नंतर घाल. आधी तो डबा उचल, गोधड्या उन्हात टाकायच्यात.'